फुटलेल्या अग्निबाणाचें पुनरागमन

सन २०१५ च्या डिसेंबर महिन्याची २२ वी तारीख. पुण्यास त्या दिवसांत पहाटेची थंडी चांगलीच बोंचते, आणि आमच्या घरांतील लहानथोर सर्व माणसें सकाळीं सातच्या आंत एकाच खोलींत जमल्याचें उदाहरण नरकचतुर्दशीखेरीज दुसरें मला आठवत नाहीं. त्या दिवशीं मात्र माझा पुतण्या, वय वर्षें अकरा, साडेसहालाच उठून संगणकापुढें ठाण मांडून बसला होता. त्याच्या पाठोपाठ मी, दादा, वहिनी, आणि शेवटीं पूजेचीं उपकरणीं घांसावयाचीं तशींच ठेवून आई, अशीं आम्ही सगळीं त्याच्या मागें येऊन उभीं राहिलों. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर अजून आदल्या दिवसाची रात्रच होती. प्रकाशाच्या झोतांत सत्तर मीटर उंचीचा एक पांढरा, सडपातळ अग्निबाण उभा होता, व त्याच्या अंगांतून थंड वाफेचे लोट निघून वाऱ्यावर विरत होते. आपल्या घड्याळाप्रमाणें सहा वाजून एकुणसाठ मिनिटांनीं तो उडावयाचा होता.

“हाच ना रे तो, जून महिन्यांत फुटला तो?” आईनें विचारलें.

“तो कसा असेल, आजी? तो समुद्रांत गेला. हा त्याचा धाकटा भाऊ.”

“मग थोरला कशानें गेला हें नीट कळल्यावांचून धाकट्याला धाडतात होय?”

पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. मजजवळ त्या वेळीं पांच मिनिटें होतीं, आणि तेवढ्यांत मीं जें सांगितलें तें अगदींच अपुरें होतें. पुढील दहा वर्षांत त्या प्रश्नाचें उत्तर हळुहळू वाढत गेलें. एके ठिकाणीं तर तें उलटलेंहि. तें सगळें आज येथें लिहून काढण्याचें योजिलें आहे.

प्रथम हा अग्निबाण कोणाचा तें सांगितलें पाहिजे. ‘फाल्कन-९’ हा कोणत्याहि सरकारचा नव्हे. इलॉन मस्क या उद्योगपतीनें सन २००२ मध्यें स्थापिलेल्या ‘स्पेसएक्स’ नांवाच्या खासगी कंपनीचा तो माल. पूर्वी अमेरिकन सरकार अग्निबाण करवून घेई तेव्हां बहुधा होईल तो खर्च भरून देऊन वर ठराविक नफा देत असे. खर्च वाढला तर तो सरकारचा, आणि बुडालें तर तेंहि सरकारचेंच. २००८ च्या डिसेंबरांत ‘नासा’ या सरकारी अंतराळसंस्थेनें निराळा मार्ग धरला. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकास बारा खेपांत माल पोंचविण्याचा मक्ता तिनें या कंपनीस एक अब्ज साठ कोटि डॉलरांना ठरवून दिला. म्हणजे सरकार मालक न राहतां गिऱ्हाईक झालें. गाडी, बैल आणि गाडीवान हे सारे मक्तेदाराचे. सरकारनें भाडें तेवढें द्यावयाचें. ही कंपनी जन्मतःच यशस्वी होती असेंहि नाहीं. तिचा पहिला लहान अग्निबाण २००६, २००७ व २००८ अशा लागोपाठ तीन सालीं फसला, आणि चौथ्यानें २००८ च्या सप्टेंबरांत कशीबशी कक्षा गांठली. मक्ता मिळाला तो त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं.

आतां अपघाताकडे वळूं. ता. २८ जून २०१५, रविवार. केप कॅनव्हरल येथील उड्डाणतळावरून सकाळीं दहा वाजून एकवीस मिनिटांनीं फाल्कन-९ चें एकोणिसावें उड्डाण झालें. आपल्याकडे तेव्हां संध्याकाळचे आठ वाजत आले होते. आधींच्या अठरांपैकीं एकाहि खेपेंत त्याचा मुख्य माल बुडाला नव्हता. माथ्यावर ‘ड्रॅगन’ नांवाची मालवाहू कुपी होती, आणि तिजमध्यें अन्न, पोशाख, प्रयोगांचें साहित्य असें अठराशें किलोंहून अधिक सामान होतें. शिवाय कुपीच्या मागच्या उघड्या भागांत पांचशें किलोंहून जड असें एक धातूचें कडें होतें. पुढें माणसांना घेऊन येणारीं नवीं यानें स्थानकास ज्या दारानें लागणार होतीं, त्या दाराची ही चौकटच म्हणाना. वाचकांनीं हें कडें ध्यानांत ठेवावें; त्याची गांठ पुढें पडावयाची आहे.

उड्डाणास दोन मिनिटें एकोणीस सेकंद झालीं. खालच्या टप्प्याचीं नऊहि एंजिनें बिनतक्रार चाललीं होतीं. एकाएकीं अग्निबाणाच्या डोक्याभोंवतीं पांढऱ्या धुक्याचा फुगारा दिसला, तो मोठा झाला, आणि कांहीं सेकंदांत सगळ्याच्या चिंधड्या होऊन अटलांटिक महासागरांत पडूं लागल्या. योगायोग असा कीं, तो दिवस मस्क यांच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता.

स्थानकांत त्या वेळीं तीन माणसें होतीं. त्यांची उपासमार व्हावी अशी वेळ नव्हती. कांहीं महिन्यांची शिधासामुग्री शिल्लक होती, आणि आठवड्याच्या आंत रशियाची मालवाहू गाडी जाऊन पोंचलीहि. परंतु आठ महिन्यांत ही तिसरी खेप बुडाली होती. २०१४ च्या ऑक्टोबरांत ‘अँटारीस’ नांवाचा दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीचा अग्निबाण व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उडतांक्षणींच कोसळला होता. त्यास जुनीं सोव्हिएट एंजिनें लावलेलीं होतीं, जीं चाळीस वर्षांपूर्वीं चंद्रावर जाण्याच्या त्यांच्या अग्निबाणासाठीं घडविलीं गेलीं व मग वखारींत पडून राहिलीं. २०१५ च्या एप्रिलांत रशियाची एक मालगाडी कक्षेंत भरकटली व पुढें वातावरणांत जळाली. आणि आतां हा. अमेरिकेंतील शाळकरी मुलांनीं केलेले कांहीं लहानसे प्रयोग अँटारीसबरोबर नष्ट झाले होते. मुलांनीं ते पुन्हां मांडून फाल्कनवर पाठविले, आणि तेहि गेले! आमच्या पुतण्याला अग्निबाणाच्या किंमतीचें कांहींच वाटलें नाहीं. त्या मुलांचें मात्र त्याला फार वाईट वाटलें. अँटारीसच्या मालकांनीं तीं जुनीं एंजिनेंच टाकून दिलीं, दुसरीं बसविलीं, आणि त्यांस पुन्हां उडावयास २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षें. फाल्कन-९ सहा महिन्यांच्या आंतच उभा राहिला होता, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे.

गाडी उलटली तर चौकशी कोणी करावयाची? अमेरिकेंतील कायदा असा आहे कीं, खासगी अग्निबाणास उड्डाणाचा परवाना तेथील विमानवाहतूक खातें देतें, आणि अपघात झाल्यास चौकशीचें काम परवाना घेणारानेंच चालवावयाचें. सरकारी खात्यांनीं शेजारीं बसून तें पाहावयाचें. ऐकतांच आपल्यास हें चमत्कारिक वाटतें. परंतु अग्निबाणाचा खिळान् खिळा ज्यास ठाऊक, त्यानेंच तो शोधावा यांत व्यवहार आहे हें नाकबूल करतां येत नाहीं. तो व्यवहार कोठवर पुरतो हें पुढें दिसेल.

चौकशी करणारांच्या हातीं होता फक्त ०.८९३ सेकंदांचा काळ. काहीतरी बिघडल्याची पहिली खूण उमटल्यापासून सर्व निरोप बंद पडेपर्यंत एवढाच अवधि गेला होता; डोळ्याचें पातें दोनतीनदां लवतें, तितका. अग्निबाणाच्या अंगावर जागोजाग हादरे मोजणारीं यंत्रें असतात. एखादी वस्तु आंत तुटली तर तिचा धक्का जवळच्या यंत्रास आधीं व दूरच्यास नंतर पोंचतो. या अंतरांवरून, गडगडाट किती उशिरां आला यावरून वीज किती दूर पडली हें आपण ताडतों तसें, त्यांनीं आवाजाचें उगमस्थान शोधून काढलें. तें निघालें वरच्या टप्प्यांतील द्रवरूप प्राणवायूच्या टांकींत.

येथें थोडें यंत्रज्ञान सांगणें प्राप्त आहे. अग्निबाण रॉकेल व द्रवरूप प्राणवायु यांवर चालतो. टांकींतील प्राणवायु जसजसा संपतो तसतशी वर मोकळी जागा होते, आणि ती दाबाच्या दुसऱ्या वायूनें भरली नाहीं तर एंजिनाकडे जाणारी धार तुटेल. त्यासाठीं हेलियम वायु मजबूत नळकांड्यांत कोंडून तीं नळकांडीं त्याच थंडगार प्राणवायूंत बुडवून ठेवतात, कारण थंड वायु थोड्या जागेंत पुष्कळ मावतो. दाब दर चौरस इंचास सुमारें ५५०० पौंड, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या दीडशेंपटींहून अधिक. आतां विहिरींत पोहावयास शिकतांना पाठीस बांधलेला सुका भोपळा ज्यांना आठवत असेल त्यांना ठाऊक आहे कीं, तो पाण्याखालीं दाबून धरणें किती कठीण असतें. हेलियमचीं नळकांडीं अशींच वर येऊं पाहतात, आणि अग्निबाण वेग घेऊं लागला कीं ही ओढ वाढते. त्या क्षणीं ती जमिनीवरच्या तिपटीहून अधिक होती. नळकांड्यास खालीं धरून ठेवणारी पोलादी दांडी दोन फूट लांब व जाडींत जास्तींत जास्त एक इंच. दहा हजार पौंडांचा भार ती सोशील अशी हमी होती. ती तुटली सुमारें दोन हजारांवर. नळकांडें भोपळ्यासारखें वर उसळलें, हेलियम टांकींत सुटला, आणि टांकी फुटली.

असल्या शेंकडों दांड्या एकेका अग्निबाणांत असतात, व त्या बाहेरच्या एका कारखान्याकडून विकत घेतलेल्या होत्या. कंपनीनें उरलेल्या हजारों दांड्या ताणून पाहिल्या, तेव्हां त्यांतल्या थोड्या हमीपेक्षां फार कमी भारावर तुटल्या. एकीच्या धातूचे कण नीट जुळलेले नव्हते असें आढळलें. २० जुलै रोजीं मस्क यांनीं हें जाहीर केलें. तो दांडीचा प्रकार सोडावयाचा, दुसरा घ्यावयाचा, आणि यापुढें प्रत्येक दांडी एकेक करून ताणून पाहावयाची, असें ठरलें.

याच वेळीं आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि सगळ्या प्रकरणांत मला तीच अधिक चटका लावणारी वाटते. अग्निबाण फुटला तरी ड्रॅगन फुटला नव्हता. डोक्यावरून तो सबंधच्या सबंध फेंकला गेला, आणि खालीं पडत असतां क्षितिजाआड होईपर्यंत त्याचे निरोप येत राहिले. त्याच्या पोटांत उतरण्याच्या हवाई छत्र्या होत्या, त्या शाबूत होत्या. पण छत्र्या उघडावयाच्या त्या परतीच्या प्रवासांत. चढतांना त्यांची वेळ येईल असें कोणाच्या मनांत आलें नव्हतें, म्हणून यंत्राच्या आज्ञावलींत तशी ओळच लिहिलेली नव्हती. ती असती तर कुपी व तिच्या पोटांतला माल बहुधा पाण्यावर तरंगत सांपडला असता. तेव्हांपासून मालवाहू ड्रॅगनला ती आज्ञा शिकविण्यांत आली. वहिनी हें ऐकून कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या.

तर डिसेंबरच्या त्या सकाळीं मीं आईला इतकेंच सांगितलें कीं, थोरला एका खोट्या दांडीनें गेला, आणि धाकट्याच्या साऱ्या दांड्या तपासल्या आहेत. “बरें,” असें ती म्हणाली खरी. पण तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

खरें म्हणजे त्या उड्डाणांत दांड्यांपेक्षां पुष्कळ कांहीं नवें होतें. आजारांतून उठलेल्या माणसास पहिल्या दिवशीं ओट्यावर चार पावलें चालवितात. कंपनीनें मात्र सबंध नवी, अधिक बळाची आवृत्ति उभी केली होती. प्राणवायु नेहमींपेक्षां अधिक, उणे २०७ अंशांपर्यंत गार करून भरला होता, म्हणजे तो तेवढ्याच टांकींत जास्त मावावा. आणि वर, खालचा टप्पा माघारीं आणून जमिनीवर उभा उतरविण्याचा बेत होता, जो समुद्रांतील तराफ्यावर जानेवारींत व एप्रिलांत असा दोनदां फसलेला होता. मला हें तेव्हांहि अवसानाबाहेरचें धाडस वाटलें होतें, आणि आजहि मी तें मत सोडलेलें नाहीं. एका बाबतींत तरी त्यांनीं सावधपणा दाखविला. अपघातानंतरचा पहिला मान एका मोठ्या दळणवळणाच्या उपग्रहास मिळावयाचा होता. तो बदलून त्यांनीं ‘ऑर्बकॉम’ कंपनीच्या अकरा लहान उपग्रहांस पुढें घेतलें. त्यांची कक्षा जवळची असल्यामुळें, ते सोडल्यावर वरच्या टप्प्याचें एंजिन पुन्हां पेटतें कीं नाहीं हें पाहून घेण्यास इंधन उरत होतें.

ठरल्या मिनिटाला तो उडाला. एकशें एकोणचाळिसावा सेकंद केव्हां येतो इकडे पुतण्याचें लक्ष होतें. तो बोटें मोडून मोजीत होता. तो क्षण गेला आणि वहिनींनीं सोडलेला श्वास आम्हां सर्वांस ऐकूं आला. टप्पे सुटले, वरचा पुढें गेला, आणि खालचा एंजिनें पुन्हां पेटवून आल्या वाटेनें परतूं लागला. उड्डाणानंतर सुमारें दहा मिनिटांनीं रात्रीच्या आभाळांतून एक ज्वाला खालीं आली, धूर पसरला, आणि धूर निवळल्यावर तो मनोरा चार पायांवर सरळ उभा होता! मस्क त्या वेळीं बाहेर उघड्यावर होते. उतरतांना झालेला प्रचंड धडाका ऐकून, हाहि फुटला अशीच त्यांची समजूत झाली होती, असें त्यांनीं मागून सांगितलें; तो धडाका नुसता ध्वनीपेक्षां अधिक वेगानें येण्याचा होता. कक्षेंत उपग्रह नेऊन सोडणाऱ्या अग्निबाणाचा खालचा टप्पा असा उभा उतरल्याचा जगांतील तो पहिला प्रसंग. तो टप्पा पुन्हां उडवला नाहीं. कॅलिफोर्नियांतील कंपनीच्या दारापुढें तो स्मारक म्हणून उभा केला आहे. अकराहि उपग्रह जागच्या जागीं सोडले गेले. पुतण्या खोलीभर नाचला, दादांनीं त्या आनंदांत दुसऱ्यांदा चहा मागितला, आणि आई पूजेला गेली.

असो. आतां उत्तर उलटलें तें सांगतों, आणि त्यासाठीं आमच्या जुन्या वाड्यांतील झोपाळ्याची हकीकत मध्यें आणली तर वाचकांनीं राग मानूं नये. मी शाळेंत असतांना एके दुपारीं त्या झोपाळ्याची कडी तुटून थोरले काका पाटासकट खालीं आले व आठवडाभर शेकत पडले. कडी दोनच महिन्यांपूर्वीं आणलेली. काकांनीं अंथरुणावरूनच त्या दुकानदाराचा उद्धार चालविला होता. अप्पांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, तुटलेली कडी हातांत घेऊन पाहिली आणि एवढेंच विचारलें, “दुकानदाराचें असूं द्या, पण टांगण्यापूर्वीं हिला भार लावून कोणी पाहिलें होतें काय?” कोणींच पाहिलें नव्हतें. नवी कडी आणल्यावर त्यांनीं तिला ज्वारीचें भरलें पोतें बांधून रात्रभर लोंबत ठेवलें, आणि मगच पाट चढविला.

नासानें या अपघाताची आपली स्वतंत्र चौकशीहि चालविली होती, आणि तिचा सारांश २०१८ च्या मार्चांत प्रसिद्ध झाला. दांडी तुटली असावी हें नासासहि मान्य होतें. परंतु दोष केवळ खोट्या मालाचा नाहीं, असें त्या चौकशीनें म्हटलें. दांडीच्या टोंकाला जो नेढ्यासारखा भाग असतो, तो ओतीव पोलादाचा, साध्या कारखानदारी कामांत वापरतात त्या प्रतीचा होता. अंतराळाच्या कामाच्या प्रतीचा तो नव्हता. असा भाग इतक्या थंडींत, इतक्या नाजूक जागीं बसवितांना त्याची निराळी निवड व परीक्षा व्हावयास हवी होती, ती झाली नाहीं. आणि वापरतांना ताकदीचा चौपट राखीव धरावा अशी घडविणाऱ्याचीच सूचना होती, तीहि पाळली गेली नाहीं. हा आंखणीचा दोष होय, असें नासाचें म्हणणें. म्हणजे कंपनीनें दुकानदाराकडे बोट दाखविलें होतें, आणि नासानें अप्पांचा प्रश्न विचारला होता. उपाय दोन्हींकडून तोच, दांडी बदला व एकेक तपासा. त्यामुळें हा भेद नुसत्या शब्दांचा आहे असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. दांडी खोटी निघाली म्हटलें कीं चौकशी दांडीपाशीं संपते. आपण तिजवर कां विसंबलों असें विचारलें, तर अग्निबाणांतील दुसऱ्या प्रत्येक वस्तूकडे जावें लागतें.

आणि तोंवर दुसरा अपघात होऊनहि गेला होता. ता. १ सप्टेंबर २०१६ रोजीं सकाळीं त्याच उड्डाणतळावर फाल्कन-९ उडण्याच्या दोन दिवस आधींची चांचणी चालली होती. टांक्या भरून, एंजिनें क्षणभर पेटवून पाहावयाचीं एवढेंच. वेळ वांचावा म्हणून इस्राएलचा ‘आमोस-६’ हा उपग्रह आधींच माथ्यावर चढवून ठेवला होता. इंधन भरतां भरतांच सगळें पेटलें. उपग्रह गेला, तळाचीहि राखरांगोळी झाली. या खेपेस पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत अवघे ९३ सहस्रांश सेकंद मिळाले. (एक मौजेची गोष्ट: उड्डाण सुरूच न झाल्यामुळें उड्डाणाचा विमा लागू होईना, जमिनीवर जळालेल्या या उपग्रहाची भरपाई सागरी मालवाहतुकीच्या विम्यांतून झाली!)

कारण पुन्हां त्या हेलियमच्या नळकांड्यांतच सांपडलें, पण यावेळीं दांडीचा संबंध नव्हता. नळकांड्याचें आंतील अस्तर अॅल्युमिनियमचें, व त्यावर कार्बनच्या तंतूंचें घट्ट वेष्टण. अस्तरास कोठें पोंचा पडला तर त्या पोकळींत प्राणवायु झिरपून बसतो. आणि हेलियम इतक्या गार अवस्थेंत भरला जात होता कीं, तो प्राणवायु गोठून घट्ट होऊं शकत होता. दाब चढल्यावर तंतु व तो एकमेकांवर घांसले कीं ठिणगी. डिसेंबरांत बळ वाढविण्यासाठीं आणलेल्या जादा थंडीचा यांत किती हात होता, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. तूर्त हेलियम थोडा ऊबदार ठेवून जुन्या, सावकाश रीतीनें भरावा आणि पुढें नळकांडेंच नव्यानें घडवावें, असें ठरलें. ता. १४ जानेवारी २०१७ रोजीं कॅलिफोर्नियांतील व्हॅन्डेनबर्ग येथून ‘इरिडियम’चे दहा उपग्रह घेऊन फाल्कन-९ दुसऱ्यांदा परत उडाला, व त्याचा खालचा टप्पा समुद्रांतील तराफ्यावर सुखरूप उतरला. आमच्याकडे त्या दिवशीं संक्रांत होती. पुतण्यानें तिळगूळ वाटतां वाटतांच ती बातमी सांगितली.

माल बुडाला तर पैसा जातो. परंतु याच अग्निबाणावर माणसें बसवावयाचीं होतीं, आणि तीं बसल्यावर मग इंधन भरावयाचें अशी कंपनीची रीत होती; कारण तें गारठविलेलें इंधन फार वेळ थांबत नाहीं. चंद्राभोंवतीं जाऊन आलेले वयोवृद्ध अंतराळवीर थॉमस स्टॅफर्ड हे ज्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, तिनें या रीतीवर हरकत घेतली होती, आणि उड्डाणतळावर झालेल्या स्फोटानें त्या हरकतीला फारच जोर आला. शेवटीं नासानें २०१८ त ती रीत मान्य केली, पण अटी घालून: नळकांडीं नवीं हवींत, आणि त्या अंतिम स्वरूपांत कांहींहि फेरफार न करतां सात उड्डाणें आधीं झालीं पाहिजेत. ता. ३० मे २०२० रोजीं डग्लस हर्ली व रॉबर्ट बेन्केन हे दोघे त्यावर बसून स्थानकाकडे गेले. दारें बंद करून आपण सर्व तेव्हां करोनाच्या भीतीनें घरांत बसलों होतों, आईनें तें उड्डाण माझ्याशेजारीं बसून पाहिलें आणि मध्येंच विचारलें, “ह्याच्या तपासल्या ना सगळ्या?”

२०१७ च्या जानेवारींतील त्या उड्डाणापासून तीनशेंहून अधिक उड्डाणें ओळीनें पार पडलीं. मग २०२४ च्या जुलैंत वरच्या टप्प्यांत गळती होऊन कंपनीचेच वीस उपग्रह वायां गेले. दाब मोजणाऱ्या यंत्राची एक नळी, तिची पकड ढिली असल्यामुळें, एंजिनाच्या हादऱ्यांनीं तडकली होती. ती नळीच काढून टाकून अग्निबाण पंधराव्या दिवशीं पुन्हां उडाला. पहिल्या वेळीं सहा महिने, दुसऱ्या वेळीं साडेचार, आणि आतां पंधरवडा. हें कौशल्य म्हणावें कीं घाई? तडकलेल्या नळीचे निरोप हजारोंनीं हातीं होते, पूर्वींसारखा एखादा निमिषमात्र नव्हता, तेव्हां कौशल्य म्हणणेंच रास्त. तरी त्याच वर्षीं आणखी दोनदां लहानमोठ्या बिघाडांनीं उड्डाणें कांहीं दिवस थांबवावीं लागलीं, हेंहि खरें.

२०२४ सालांतल्या या गोष्टी वाचीत असतांनाच आमच्या घरीं त्या अग्निबाणाची पुन्हां चर्चा सुरू झाली, आणि ती निराळ्या कारणानें. लखनौचे शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्यें अंतराळस्थानकास जावयाचे होते, आणि त्यांना नेणारा अग्निबाण हाच. राकेश शर्मा १९८४ सालीं सोव्हिएट यानांतून गेले, त्यानंतर एकेचाळीस वर्षांनीं. ता. ११ जून हा दिवस ठरला होता. आदल्या चांचणीनंतरच्या तपासणींत खालच्या टप्प्यांत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. आपल्या इस्रोचे अध्यक्ष डॉ. व्ही. नारायणन्, ज्यांची हयात अशाच थंड इंधनांच्या एंजिनांत गेली आहे, त्यांनीं उड्डाण पुढें ढकलल्याचें जाहीर केलें. गळती दुरुस्त करावयाची, पुन्हां तपासावयाचें, आणि मगच उडावयाचें. पुढें स्थानकांतल्या दुसऱ्या एका गळतीमुळें आणखी दिवस गेले. पुतण्या आतां एकवीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. तोहि रोजच्या रोज तारीख बदललेली पाहून चिडला होता. आई मात्र अजिबात चिडली नाहीं. “जमिनीवर सांपडलें ना? मग होऊं दे उशीर,” असें ती दर वेळीं म्हणे.

ता. २५ जून रोजीं दुपारीं बारा वाजून एक मिनिटानें उड्डाण झालें. दुसऱ्या दिवशीं चार वाजतां शुक्ला व त्यांच्या तीन सोबत्यांचा ड्रॅगन स्थानकाच्या आकाशाकडील दारास हळूच येऊन लागला. तें दार म्हणजे एक धातूचें कडें आहे. २०१५ च्या जूनमध्यें जें कडें अटलांटिकांत बुडालें, त्याच्या जागीं कांहीं अंशीं शिलकी भागांतून दुसरें घडविण्यांत आलें, आणि तें २०१९ च्या जुलैंत फाल्कन-९ नेंच वर नेऊन पोंचविलें होतें. पुतण्यानें हें आईला समजावून सांगितलें. तिनें चष्मा पदरानें पुसला, पुढें सरकली, आणि तें कडें पुन्हां एकदां दाखवावयास सांगितलें.